घराचा कागद आणि घराचे भांडवल

पेरू देशाची राजधानी लिमा येथे १९८०नंतरच्या दशकाच्या प्रारंभी काही अभ्यासकांनी एक विलक्षण खटाटोप केला. दोन शिलाई यंत्रे मांडून कपडे शिवण्याचा एक लहानसा कारखाना त्यांनी उभा केला आणि कायद्याला हवी असलेली प्रत्येक परवानगी कचेऱ्यांचे खेटे घालून रीतसर मिळवायची असे ठरविले. लाच मागितली तर द्यायची नाही. काम पुरतेच अडले तरच द्यायची, असाही दंडक होता. लाच दहा वेळा मागितली गेली आणि दोनदा ती द्यावीच लागली. सारे कागद हाती यायला २८९ दिवस लागले. खर्च आणि बुडालेली कमाई मिळून १,२३१ डॉलरचा हा व्यवहार झाला. म्हणजे तेथील किमान मासिक वेतनाच्या तीस पटींहून अधिक.

हा प्रयोग करणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते हेर्नान्दो दे सोतो. आरेकिपा शहरी जन्मलेले, जिनिव्हात वाढलेले आणि शिकलेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास मायदेशी परतलेले हे अर्थतज्ज्ञ. त्यांचा ‘एल ओत्रो सेन्देरो’ म्हणजे ‘दुसरी वाट’ हा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर चौदा वर्षांनी, २००० साली, ‘भांडवलाचे रहस्य’ हा दुसरा. खाजगी उद्योग आणि आर्थिक सुधारणा या विषयावर गरीब देशांतून जे लेखन झाले, त्यात या दोन पुस्तकांइतका बोलबाला फार थोड्यांचा झाला असेल. अर्थशास्त्राचे ग्रंथ आपल्या त्रैमासिकात सहसा परीक्षणाला येत नाहीत. परंतु पेरूत दीर्घकाळ मिशनरी आणि पुढे चिक्लायोचे बिशप राहिलेल्या धर्मगुरूने २०२५ साली पोपपद स्वीकारताना लिओ हे नाव घेतले, तेव्हा लिओ तेराव्यांच्या १८९१ सालच्या परिपत्रकाची पुन्हा सर्वत्र उजळणी झाली. श्रमिकांपैकी होता होईल तितक्यांनी मालमत्तेचे धनी व्हावे, असे ते परिपत्रक सांगते. गरीब माणूस मालक झाला म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचे एक ठाम उत्तर दे सोतो यांनी पेरूतूनच दिले. ते उत्तर कितपत खरे ठरले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

पहिल्या ग्रंथाचे नावच एक प्रत्युत्तर आहे. ‘सेन्देरो लुमिनोसो’, म्हणजे ‘प्रकाशमय वाट’, ही माओवादी संघटना त्या काळी पेरूच्या डोंगराळ प्रांतांत रक्तपात घडवीत होती. गरिबांपुढे बंदुकीशिवाय वाट नाही, असे तिचे म्हणणे. दे सोतो यांनी म्हटले, गरिबांनी आपली वाट केव्हाच निवडली आहे. ते धंदा करीत आहेत. डोंगरातून शहरात आलेल्या माणसांना शहराच्या कायद्याने दार उघडले नाही, म्हणून त्यांनी कायद्याबाहेर घरे बांधली, बाजार बसविले, बसगाड्या चालविल्या. ग्रंथाचे तीन मुख्य भाग या तीन गोष्टींवर आहेत. लिमातील ३३१ बाजारांपैकी २७४ बाजार कायद्याबाहेरच्या या व्यापाऱ्यांनी स्वतः उभारले होते, हे या पुस्तकानेच प्रथम मोजून दाखविले.

यातले घरांचे प्रकरण मला सर्वांत सरस वाटले. ओसाड सरकारी जमिनीवर वस्ती कशी बसते, याचे वर्णन एखाद्या कादंबरीकाराला हेवा वाटावा असे उतरले आहे. मंडळी आधी महिनोन्‌महिने बैठका घेतात, जागा हेरतात, तुकडे आखतात, आपसांत करार करतात. मग एखाद्या राष्ट्रीय सणाची रात्र गाठून बांबू, चटया आणि देशाचा झेंडा घेऊन शेकडो कुटुंबे एकदम जमिनीवर उतरतात. सकाळी पोलीस येतात तो गाव वसलेले असते! ज्याला आपण घुसखोरी म्हणतो तिच्या पोटात केवढी शिस्त असते हे येथे दिसते. सरकारी जमिनीवर रीतसर घर बांधण्याची परवानगी मिळवायला लिमात सहा वर्षे अकरा महिने लागत आणि ५२ कचेऱ्यांत २०७ पायऱ्या चढाव्या लागत, हे त्याच प्रकरणात वाचल्यावर त्या रात्रीच्या झेंड्याचा अर्थ निराळा लागतो.

ख्रिस्ती वाचकाने हे पुस्तक मनावर घ्यावे असे मला वाटते ते याच ठिकाणी. आपल्या प्रवचनांत आणि नाताळच्या आवाहनांत गरीब येतो तो बहुधा हात पसरून. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या वहीत त्याचे नाव असते, धान्याच्या पिशवीपुढे त्याची सही असते. तो हिशेब ठेवतो, धोका पत्करतो, उधारी वसूल करतो, शेजाऱ्याशी करार करून तो पाळतो, हे आपण जाणतो. पण आपल्या धार्मिक भाषेत त्याला जागा नाही. धंदा हा शब्दच आपल्या कानाला थोडा अपवित्र वाटतो. दे सोतो यांनी गरिबाला कर्त्याची विभक्ती दिली, आणि हे मोठे काम आहे.

त्यांचे दुसरे प्रतिपादनही तितकेच मोलाचे. पेरूत भांडवलशाही फसली असे सगळे म्हणत होते. दे सोतो म्हणाले, ती येथे आलीच नव्हती. येथे होता तो सरकारी कृपेवर चालणारा धंदा. ज्यांची मंत्रालयात ऊठबस, त्यांच्यासाठी कायदे होत, आणि बाकीच्यांसाठी रांगा. लायसन्स-परमिटच्या दिवसांत वाढलेल्या भारतीय वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. खाजगी उद्योग म्हणजे श्रीमंतांची बाजू आणि सरकार म्हणजे गरिबांची, ही जी सोपी वाटणी आपण करीत आलो, ती या पुस्तकाने विस्कटून टाकली. प्रकाशमय वाटेच्या अनुयायांना हे पुस्तक किती झोंबले, याचा पुरावा म्हणजे जुलै १९९२मध्ये दे सोतो यांच्या संस्थेच्या इमारतीसमोर झालेला बाँबस्फोट.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळू. ‘भांडवलाचे रहस्य’ वाचताना प्रथम जाणवते ती जागा बदलल्याची खूण. पहिले पुस्तक रांगेत उभे राहून लिहिलेले आहे, दुसरे व्यासपीठावरून. इजिप्त, हैती, फिलिपिन्स असा प्रवास घडतो. दृष्टान्त मात्र अजूनही झकास आहेत. बाली बेटावर भातशेतांमधून चालताना प्रत्येक शेताच्या हद्दीत निराळा कुत्रा भुंकत होता, म्हणजे जमीन कोणाची हे कुत्र्यांनाही ठाऊक होते, सरकारलाच तेवढे नव्हते, ही गोष्ट एकदा वाचली की विसरत नाही. पण या दृष्टान्तांवर जो सिद्धान्त उभारला आहे तो असा: गरिबांजवळ घरे आहेत, पण त्यांचे कायदेशीर कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून ती तारण ठेवता येत नाहीत, म्हणून ते भांडवल ‘मृत’ आहे. जगातील अशा मृत भांडवलाचा त्यांचा अंदाज आहे ९.३ लाख कोटी डॉलर. कागद द्या, भांडवल जिवंत होईल, आणि गरिबी हटेल.

एवढ्या सुटसुटीत उपायाची मोहिनी जगातल्या राज्यकर्त्यांवर पडली नसती तरच नवल. परंतु येथे समीक्षकाचे काम सुरू होते, कारण पेरूमध्ये हा उपाय खरोखरीच करून पाहण्यात आला. १९९६ साली सरकारने त्यासाठी स्वतंत्र खाते काढले, जागतिक बँकेने कर्ज दिले, आणि काही वर्षांत शहरी गरिबांना दहा लाखांहून अधिक मालकीपत्रे वाटली गेली. त्यानंतर काय झाले? एरिका फील्ड आणि माक्सिमो तोरेरो या अभ्यासकांना असे आढळले की सरकारी बँकेने घरबांधणीच्या साहित्यासाठी कर्ज देताना या कागदाला काही किंमत दिली. खाजगी बँकांनी दिली नाही. बँकवाला कागदाकडे नव्हे, पगाराकडे पाहतो. वाळूच्या टेकडीवरचे चटयांचे आणि विटांचे घर जप्त करून तो विकणार कोणाला?

म्हणजे प्रयोग वाया गेला काय? तसेही नाही. एरिका फील्ड यांच्याच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. कागद मिळालेल्या घरांतील मोठी माणसे घराबाहेर अधिक तास कामाला जाऊ लागली. पूर्वी घरात कोणीतरी राहावेच लागे. घर रिकामे सोडले तर दुसरा कोणी घुसेल ही धास्ती. आई घर राखीत बसे आणि मुलगा कामाला जाई. कागद आला तेव्हा ती राखण संपली. कागदाने बँकेचे दार उघडले नाही, पण आईला तिच्या घराच्या दारातून मोकळे केले. हा लाभ दे सोतो यांच्या सिद्धान्तातील मध्यवर्ती लाभ नव्हे. आणि माझ्या मते तोच खरा आहे.

याला दुजोरा देणारे एक उदाहरण शेजारच्या आर्जेन्टिनातून मिळते, आणि त्यात ख्रिस्तसभेचा हात असल्यामुळे ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे. ब्वेनोस आइरेसच्या उपनगरात, सान फ्रान्सिस्को सोलानो येथे, १९८१ साली सुमारे १,८०० भूमिहीन कुटुंबांनी ओसाड जमीन व्यापली. त्यांना संघटित केले होते ते तेथील एका कॅथॉलिक चॅपेलने. झोपडपट्टी होऊ नये म्हणून त्यांनी पहिल्यापासून रस्ते सोडून, सारखे तुकडे आखून वस्ती केली. जमीन सरकारी आहे अशी त्यांची समजूत होती. निघाली ती खाजगी मालकांची. १९८४ साली सरकारने कायदा करून मालकांना मोबदला देऊ केला. काहींनी तो घेतला, काही कोर्टात गेले. परिणामी एकाच वस्तीत, एकसारख्या गरिबांपैकी काहींना मालकीचे कागद मिळाले आणि काहींना वर्षानुवर्षे मिळाले नाहीत. अभ्यासकाला याहून चोख तुलना मिळणे कठीण. गालिआनी आणि शारग्रोद्स्की या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली तिचे फलित मांडले: कागदवाल्यांची घरे अधिक पक्की झाली, कुटुंबे आटोपशीर झाली, मुले अधिक शिकली. कर्ज मात्र नाममात्रच वाढले, आणि कमाईत फरक पडला नाही.

येथे मला यिर्मया संदेष्ट्याच्या बत्तिसाव्या अध्यायाची आठवण होते. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना संदेष्टा आपल्या चुलतभावाचे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदार उभे करतो, खरेदीखत मोहोरबंद करवतो, आणि बारूखला सांगतो की हे कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. बायबलमध्ये खरेदीखताची एवढी तपशीलवार हकीकत दुसरी नाही. ते शेत तारण ठेवण्याच्या उपयोगाचे नव्हते. ते तर शत्रूच्या ताब्यात जायचे होते. त्या खताचा अर्थ एवढाच की येथे आपण पुन्हा राहू. सोलानोच्या वस्तीत ज्या बापाने मुलीला आणखी दोन वर्षे शाळेत ठेवले, त्याच्या हातातील कागदाची जात यिर्मयाच्या कागदाशी मिळते, दे सोतो यांच्या तारणखताशी नव्हे.

दे सोतो यांच्या लेखनातील दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. वस्तीच्या संघटनेची दखल ते घेतात, पण करार पाळवून घेणारी यंत्रणा म्हणून. त्यांची नजर वस्तीच्या करारावर ठरते, वस्तीच्या चुलीवर ठरत नाही. लिमाच्या दक्षिणेकडील व्हिया एल साल्वादोर हे नगर घ्या. १९७१ साली काही कुटुंबांनी पाम्प्लोना येथे जमीन व्यापली तेव्हा सहायक बिशप लुईस बाम्बारेन या येशूसंघीयाने त्यांच्यामध्ये जाऊन मिस्सा अर्पण केली, आणि लष्करी सरकारच्या गृहमंत्र्याने बिशपांनाच अटक केली. एवढा गदारोळ उठला की सरकारला माघार घ्यावी लागली आणि त्या कुटुंबांना वाळवंटात आखीव तुकडे द्यावे लागले. पुढे तेथे सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, लाकूडकामाच्या कारागिरांची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ साली पोप जॉन पॉल दुसरे तेथे गेले होते.

आर्थिक सुधारणांच्या इतिहासात या स्वयंपाकघरांना प्रकरण असायला हवे. आल्बेर्तो फुजिमोरी यांनी १९९०च्या निवडणुकीत, ‘दुसरी वाट’ला प्रस्तावना लिहिणाऱ्या मारिओ व्हार्गास योसा यांचा पराभव केला, आणि ज्या कठोर उपायांना निवडणुकीत विरोध केला होता तेच उपाय सत्तेवर येताच योजले. ८ ऑगस्ट १९९०च्या रात्री अर्थमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवर भाववाढ जाहीर केली. पेट्रोल एका रात्रीत सुमारे तीस पट महागले. भाषणाच्या अखेरीस मंत्रिमहोदयांनी देवाचा धावा केला, आणि देवाने, म्हणायचे झाले तर, तो बायकांच्या हातून ऐकला. पुढचे कित्येक महिने लिमातील गरिबांना जगविले ते मोठ्या पातेल्यांनी. त्यांत कारितासचे धान्य होते आणि शेजारणींचे श्रम. महागाई पुढे आटोक्यात आली हे खरे आहे आणि ते गरिबांच्याही हिताचे झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पातेल्यांशिवाय सुधारणा तग धरू शकल्या नसत्या. प्रकाशमय वाटेच्या लोकांना हे अर्थतज्ज्ञांहून चांगले कळत होते. म्हणूनच व्हिया एल साल्वादोरच्या महिला पुढारी मारिया एलेना मोयानो यांना त्यांनी १५ फेब्रुवारी १९९२ रोजी ठार केले आणि त्यांचा देह सुरुंगाने उडविला. वय अवघे तेहतीस.

तराजूचे दुसरे पारडेही तपासले पाहिजे. त्याच लिमात, रिमाक या गरीब भागातील धर्मग्रामात, फादर गुस्ताव्हो गुतिएरेझ काम करीत होते. त्यांचा मुक्तीच्या ईशविज्ञानावरील ग्रंथ १९७१ सालचा. २०२४ साली ते निवर्तले. गरिबांच्या बाजूने उभे राहणे ही ख्रिस्तसभेची निवड आहे, हे जगाला शिकविण्यात त्यांचा वाटा केवढा मोठा आहे हे सांगायला नको. तरीही त्या ग्रंथात दोन शिलाई यंत्रे घेऊन बसलेला माणूस मला सापडत नाही. तेथे गरीब शोषित आहे, जागृत होणारा आहे, इतिहास घडविणारा आहे. परवाना मागणारा नाही. गरिबीचे कारण श्रीमंत देशांवरील अवलंबित्वात शोधणाऱ्या सिद्धान्ताच्या मर्यादा पुढे १९८८च्या सुधारित आवृत्तीत गुतिएरेझ यांनी स्वतःच मान्य केल्या, यात त्यांचा मोठेपणा आहे. एकाने चूल पाहिली, दुसऱ्याने दुकान. आणि त्या टेकडीवरच्या बाईला तर दोन्ही एकाच खोलीत सांभाळायची असतात.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९९१चे ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक मला या दोघांच्या मध्ये उभे असलेले दिसते. बेचाळिसाव्या परिच्छेदात ते उद्योगाचे, बाजाराचे, खाजगी मालमत्तेचे सकारात्मक स्थान मान्य करतात, पण ते सारे भक्कम कायद्याच्या आणि माणसाच्या समग्र स्वातंत्र्याच्या चौकटीत असावे असा आग्रह धरतात. आणि तेहतिसाव्या परिच्छेदात ते अशा बहुसंख्यांविषयी बोलतात ज्यांचे शोषणही होत नाही, कारण व्यवस्थेला त्यांची दखलच नाही. ‘दुसरी वाट’ हे त्या परिच्छेदाचे जणू पाच वर्षे आधी लिहिलेले भाष्य आहे.

आपल्याकडच्या वाचकाला या वादात एक-दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील. सातबारा निर्वेध झाला की दारात पहिला माणूस येतो तो बँकेचा नसतो, बिल्डरचा असतो. ज्यांनी १९८०च्या दशकाअखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी चळवळ पाहिली, त्यांना हे निराळे सांगायला नको. विकता येणे हाही मालकीचा भाग आहे, आणि कर्ज मिळण्याआधी तोच वापरला जातो, ही शक्यता ‘भांडवलाचे रहस्य’मध्ये फारच हलक्या हाताने हाताळली आहे. दुसरी गोष्ट, १९१८ साली वसईत कॅथॉलिकांनी पतसंस्था काढली, जिची पुढे बँक झाली. पतपेढीत कर्ज मागणाऱ्याला जामीनदार आणावा लागतो. पत म्हणजे जमिनीचा उतारा नव्हे, तर आपल्यासाठी सही करायला तयार असलेला शेजारी, हे आपल्या आज्यापणज्यांना अर्थशास्त्र न शिकता ठाऊक होते. दे सोतो यांच्या रहस्यात हा शेजारी नाही.

त्या २८९ दिवसांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. तशाच मोजणीची कल्पना उचलून जागतिक बँकेने २००३पासून देशोदेशींची ‘व्यवसायसुलभता’ मोजण्यास आरंभ केला. भारत २०१४च्या यादीत १४२वा होता, २०१९ साली ६३वा झाला, आणि त्याचे सोहळे झाले. आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड होऊन सप्टेंबर २०२१मध्ये ती यादीच बंद करण्यात आली. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने मोजलेला आकडा आणि मंत्रालयाने पहिला नंबर मिळविण्यासाठी सजविलेला आकडा, यांत हा फरक असतो. दे सोतो स्वतः २०२१ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि चौथे आले. पेरूत परवाने आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर मिळतात. तरीही तेथील दहा काम करणाऱ्यांपैकी सुमारे सातजण अजून कायद्याच्या नोंदीबाहेर आहेत. दार रुंद केले तरी लोक आत येत नाहीत, तेव्हा आत त्यांच्यासाठी काय मांडून ठेवले आहे, हे विचारायला हवे होते.

दोन्हीपैकी एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी ‘दुसरी वाट’ सुचवीन, आणि त्यातही घरांचे आणि फेरीवाल्यांचे प्रकरण. व्यापारी कायद्याच्या युरोपीय इतिहासाची लांबलचक चर्चा ओलांडून गेले तरी फारसे बिघडणार नाही. इंग्रजी अनुवाद ग्रंथालयांत मिळतो. मराठीत यायला हवा तो मात्र पहिलाच ग्रंथ. दुसऱ्याचा गाजावाजा पुरेसा झाला आहे.